गिलावा थांबवा, आधी ओळंबा लावा

पत्र

आम्ही अमळनेर तालुक्यातले. गावातलं धाब्याचं जुनं घर उतरवून त्याच जागेवर नवं बांधतोय. सध्या दिरांकडे राहतो. मिस्टर सुरतला साड्यांच्या मिलमध्ये आहेत, त्यामुळे कामावर लक्ष माझंच. बांधकाम कॉलम-बीमचं. मार्चमध्ये स्लॅब टाकला आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) विटांचं काम काढलं. मिस्तरी आमच्याच भाऊबंदांतले, सगळे त्यांना नाना म्हणतात. साहित्य आमचं, मजुरी त्यांची.

विटांच्या पहिल्या दोन खेपा चांगल्या होत्या, त्या पुढच्या खोलीत लागल्या. तिसरी खेप अवकाळी पावसानंतर आली. तिच्यातल्या पिवळट विटा हातात फुटतात. पाणी टँकरचं, म्हणून भिंतींवर दोन-तीन दिवसच मारलं. मागच्या खोलीची साडेचार इंची भिंत कललेली आहे, हे वायरिंगच्या मुलाने दाखवलं. त्याने ओळंबा (वजन बांधलेली दोरी) लावला तर सव्वा इंच फरक निघाला. काही उभ्या दर्जांतून (विटांमधल्या सांध्यांतून) पलीकडचा उजेड दिसतो. नाना म्हणतात, “काही व्हत नही बेटा, पलास्तरमा समदं दपाई जाई.” (प्लास्टरमध्ये सगळं झाकलं जाईल.) दीर म्हणतात, सगळं पाडा. मिस्टर म्हणतात, भाऊबंदकीत वाकडं नको, श्रावणात कानबाई नव्या घरात बसवायची आहे. नानांचे चाळीस हजार द्यायचे बाकी आहेत. घर धोक्याचं आहे का? काय पाडू आणि काय ठेवू?

उत्तर

ताई, पुढचं वाचायच्या आधी नानांना निरोप पाठवा की गिलावा आत्ता सुरू करायचा नाही. कारण विचारलं तर सांगा, दोन-तीन आठवडे भिंतींवर पाणी मारायचं आहे. हे खोटंही नाही, ते का मारायचं ते पुढे लिहिलंय. गिलावा चढला की कुठली वीट कच्ची, कुठली दर्ज रिकामी, हे तुम्हाला, इंजिनिअरला आणि खुद्द नानांनाही दिसणार नाही. मग दोन वर्षांनी भिंत फुगली की गिलाव्यासकट फोडावी लागते, आणि तेव्हा घरात धान्याच्या कोठ्या, पलंग, कपाटं, सगळं असतं. आज उघडी भिंत समोर आहे, एवढी सोय तुम्हाला परत मिळणार नाही.

आता धोक्याचं. तुमचं घर कॉलम-बीमचं आहे आणि स्लॅब भिंतींच्या आधी टाकलाय. म्हणजे स्लॅबचा भार बीमवर, बीमचा कॉलमवर आणि कॉलमचा पायावर जातो. भिंती फक्त मधली जागा भरतात. त्यामुळे भिंत खराब निघाली म्हणून घर खाली येईल, ही भीती मनातून काढा. दिरांना हेच सांगा, सगळं पाडायची गरज नाही. पण मिस्टरांनाही एक हिशेब ऐकवा. १० फूट लांब आणि १० फूट उंच अशी साडेचार इंची भिंत जवळजवळ दोन टन वजनाची असते. ती कललेली असेल, आतला माल (विटा जोडणारं सिमेंट-रेतीचं मिश्रण) भुसभुशीत असेल आणि वरचा थर बीमला नीट भिडलेला नसेल, तर तिला एखादं जड कपाट धडकणं किंवा जमिनीला जरासा हादरा बसणं पुरतं. सातपुडा आणि तापीचा आपला पट्टा भूकंपाच्या बाबतीत अगदी निर्धास्त धरत नाहीत. भिंतीखाली पोरं झोपतात. म्हणून चालून जाईल म्हणायला मी तयार नाही.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाचं घर बिनकॉलमचं असेल, म्हणजे स्लॅब सरळ भिंतींवर टेकलेला असेल, तर त्यांच्यासाठी माझं यातलं काहीच लागू नाही. तिथे छिन्नी लावण्याआधी इंजिनिअर हवा आणि स्लॅबला टेकू हवेत. मिस्तरीच्या भरवशावर एक वीटही काढू नका.

आता कललेली भिंत. आपल्या देशाचं वीटकामाचं प्रमाण सांगतं की एका मजल्याच्या भिंतीत ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. ३ मीटर म्हणजे साधारण १० फूट, आणि ६ मिलिमीटर म्हणजे पाव इंच. तुमचा फरक सव्वा इंच, पाचपट. पाव-अर्ध्या इंचाचा फरक गिलाव्यात सावरता येतो, सगळे सावरतात आणि त्यात काही गैर नाही. आतला गिलावा अर्ध्या इंचाचा असतो. सव्वा इंच लपवायचा तर एका टोकाला तो पावणेदोन इंच जाडीचा होईल. एवढा जाड थर स्वतःच्याच वजनाने सुटतो, आणि भिंत आतून होती तशीच वाकडी राहते. ती भिंत उतरवा.

‘उतरवा’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं, ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. खर्च मोजून पाहा. त्या भिंतीत साधारण ५०० विटा आहेत आणि दोन-अडीच गोण्या सिमेंट. माल कच्चा असल्याने निम्म्या-अधिक विटा साफ करून परत वापरता येतील, अर्थात त्या चांगल्या असतील तर. एक गवंडी आणि दोन बिगारी, उतरवणं धरून तीन-चार दिवसांचं काम. तुमच्या सगळ्या घराच्या खर्चापुढे ही रक्कम फार लहान आहे.

मात्र ढकलून पाडू देऊ नका. आधी त्या खोलीची लाईट बंद करायची, मग वरच्या थरापासून एकेक थर खाली यायचा. कॉलमवर आणि बीमवर घण पडता कामा नये. राडारोडा शेजारच्या भिंतीला टेकवून रचायचा नाही, तीही कच्चीच आहे. आणि पोरांना त्या दिवशी काकांकडेच ठेवा.

तिसऱ्या खेपेच्या विटांचं काय झालं असेल, त्याचा अंदाज करता येतो. आपल्याकडच्या भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाळ्याआधी संपतात. अवकाळी आला की उघड्यावर वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या कडा विरघळतात, जळण भिजतं आणि भट्टीला पुरती आच लागत नाही. भट्टीच्या पोटातली वीट नीट भाजते, फार आचेजवळची खंगर (जास्त भाजून वेडीवाकडी) होते आणि कडेची पिवळट राहते. घाईत गाडी भरताना कडेच्या विटाही त्याच खेपेत जातात. तुमच्याकडे बहुधा त्याच आल्यात.

आता घरात जाऊन एक सकाळ या कामाला द्या. हातात लोखंडी खिळा आणि गेरू घ्या. प्रत्येक भिंतीवर, हात पोचेल तिथपर्यंत आणि मग शिडीवर चढून, विटेवर खिळ्याने रेघ ओढा. पक्क्या विटेवर खिळा घसरतो, कच्चीवर रेघ खोल उमटते आणि भुकटी पडते. खिळ्याच्या डोक्याने ठोकूनही बघा, पक्की वीट खणखणते आणि कच्ची बद्द वाजते. कच्ची निघाली की गेरूने फुली. गावात उरलेल्या विटांतली एखादी वजन करून २४ तास पाण्यात बुडवा. कोरडी ३ किलो भरली तर ओली ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर जाऊ नये. त्याहून जास्त पाणी पिणारी वीट मोरीच्या, न्हाणीच्या आणि बाहेरच्या भिंतीत मला चालणार नाही, तिथे पुढे लोणा (भिंतीवर फुटणारा खार) धरतो.

मग दूर उभं राहून फुल्या बघा. माझा स्वतःचा हिशेब असा की सव्वातीन फूट लांब-रुंद तुकड्यात साधारण ५० विटा बसतात. त्यात इकडे एक, तिकडे दोन फुल्या असतील तर तेवढ्याच विटा एक-एक करून कोरून काढायच्या आणि पक्क्या बसवायच्या. शेजारच्या दोन विटा एकाच वेळी काढायच्या नाहीत. पण एखाद्या भिंतीत तिसरा हिस्सा फुल्यांनी भरला, तर तिची गत कललेल्या भिंतीसारखीच. तुमच्या पत्रावरून वाटतं की मागच्या खोलीच्या एक-दोन भिंती त्या यादीत येतील आणि पुढची खोली सुखरूप सुटेल.

विटांबद्दल अजून एक सांगतो, कारण ते मी भोगलंय. आपल्या तापीकाठच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे फार. माती चाळून घेतली नाही की ते विटेत राहतात, भट्टीत भाजून त्यांचा कळीचा चुना होतो आणि नंतर ओल मिळाली की तो फुगतो. धुळ्याला मी माझं घर बांधलं तेव्हा इंजिनिअर असूनही एका भट्टीवाल्याच्या शब्दावर गाडी उतरवून घेतली, दोन विटा पाण्यात टाकून बघितल्या नाहीत. रंग दिल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या भिंतीवरून रुपयाएवढ्या खपल्या सुटायला लागल्या. प्रत्येक खपलीमागे पांढरा दाणा. वर्षभर आम्ही ती भिंत बुजवत होतो. आईने त्या खपल्या झाडून गोळा केल्या तरी मला एकदाही बोलली नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या विटांत असे खडे असतील तर ते आत्ता, उघड्या भिंतीत फुगून संपू द्यायचे. त्यासाठी लागतं भरपूर पाणी आणि दोन-तीन आठवड्यांचा धीर.

आणि पाणी दुसऱ्याही कारणासाठी हवंच आहे. विटांचं काम सिमेंटच्या मालात असेल तर किमान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. हे सात दिवस सगळीकडचे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, गरम वारा वाहतो आणि सकाळी दहाला मारलेलं पाणी साडेदहाला दिसत नाही. त्यातून वीट न भिजवता लावली असेल तर तिने मालातलं पाणी पहिल्याच तासात पिऊन टाकलेलं असतं. सिमेंटला आवळायला पाणीच उरत नाही. भिंत उभी दिसते, पण दर्जांमध्ये नुसती रेती बसलेली असते.

हे तपासायला घराची किल्ली पुरते. दर्जेत किल्लीचं टोक जोर लावून फिरवा. चरचर आवाज होऊन नुसता ओरखडा उठला तर माल ठीक. रेती भुरभुर गळायला लागली आणि किल्ली अर्धा इंच आत गेली तर माल मेलेला. अशी तपासणी प्रत्येक भिंतीत पाच-सहा जागी करा, तळाला आणि वरही.

मधल्या स्थितीतल्या भिंतींना अजून वाचवता येतं. पहिल्या आठवड्यात हुकलेली सगळी ताकद परत येत नाही, हे आधीच सांगतो. पण न भिजलेलं सिमेंट आत शिल्लक असतं, त्याला ओल मिळाली तर काही भाग अजून आवळतो. जिनिंगवाल्याकडून जुनी बारदानं आणा, भिंतीवर वरून सोडा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी भिजवा. बारदान असलं की टँकरचं पाणी निम्म्याने लागतं. बोअरचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, त्यातला खार भिंतीत जाऊन बसतो. जे पाणी आपण पितो तेच बांधकामाला.

उजेड दिसतो त्या दर्जा भरायच्याच आहेत. नुसता वरून माल थापून चालत नाही. दर्ज पाऊण इंच आत खोदायची, ब्रशने धूळ काढायची, ओली करायची, आणि एका सिमेंटला तीन रेती असा घट्टसर माल थापीने आत दाबून बसवायचा. दोन्ही बाजूंनी. बाहेरच्या भिंतीत हे काम जास्त निगुतीने करून घ्या, पावसाचा मारा तिथूनच आत येतो. दर्जांची जाडी अंगठ्याएवढी झालीय की बोटाएवढी, हेही बघा. ती असावी १० मिलिमीटर. जाड दर्ज म्हणजे वाकड्या विटा मालाने सावरलेल्या. दिसायला वाईट, पण फक्त तेवढ्यासाठी मी भिंत पाडा म्हणणार नाही.

भिंत नव्याने चढवताना विटा पाण्याच्या टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलेल्या हव्यात. साडेचार इंचीला एकास चार माल. रेती बोरी नदीच्या पात्रातली असो की गिरणेची, काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर ढवळून ठेवा, तासा-दोन तासांनी वर मातीचा जाड थर बसला तर ती धुतल्याशिवाय घेऊ नका. पाणी घातलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपला पाहिजे, उन्हात वाळलेला माल पुन्हा पाणी टाकून फिरवायचा नाही. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवा. दिवसाला साडेतीन-चार फुटांवर चढवू नका. दर तीन फुटांवर सळया टाकून काँक्रीटची पट्टी घ्या, साडेचार इंचीची ताकद त्या पट्टीत असते. शेवटचा थर आणि बीम यांच्यामधली फट लगेच भरू नये, खालचा माल थोडा बसू द्यावा, चार-पाच दिवसांनी भरावी. कॉलमला वीट भिडते तिथे गिलाव्याआधी चिकन मेशची जाळी ठोकायला सांगा, नाहीतर त्या जागी उभी चीर येणारच. आणि त्या हुशार वायरिंगवाल्या मुलाला शाबासकी देताना एवढं सांगा की साडेचार इंचीत आडवा काप मारू नकोस, पाइप उभेच ने.

एका माणसाला पैसे देऊन बोलवा, जो ना नानांचा आहे ना भट्टीवाल्याचा. घरासाठी बँकेचं कर्ज असेल तर हप्त्याआधी पाहणीला येणारा इंजिनिअर तुम्हाला माहीत असेलच, त्याची किंवा अमळनेरमधल्या दुसऱ्या कुणाची एक भेट घ्या. तुमच्या फुल्या दाखवा, कॉलम-बीमही नजरेखालून घालायला सांगा. कॉलमला मार्चमध्ये पाणी किती दिवस मारलं होतं, हे मला तुमच्या पत्रातून कळत नाही आणि मला विटांपेक्षा त्याची काळजी जास्त आहे.

आता नाना. ताई, माझ्या मते चूक वाटून घेण्यासारखी आहे, आणि तशीच ती मांडा. विटा तुम्ही आणल्या. पाणी कमी पडलं ते तुमच्या टँकरचं. भिंत ओळंब्यात नाही, दर्जा रिकाम्या आहेत, हा मात्र हाताचा दोष आहे, तो नानांचा. आणि वीट हातात फुटत असताना ती लावायची नाही, हे तुम्हाला सांगणं मिस्तरी म्हणून त्यांचं काम होतं.

बोलायची वेळ सकाळची निवडा, बिगारी यायच्या आधी. चारचौघांत, त्यांच्या हाताखालच्या पोरांसमोर एक शब्द काढू नका. चहा घेऊन जा आणि ओळंबा त्यांच्याच हातात द्या. म्हणा, “नाना, तुम्हीच धरा, मी खालून मापते.” या कामात उमर घालवलेल्या माणसाला स्वतःचा ओळंबा खोटं सांगू शकत नाही. मग सांगा की कललेल्या भिंतीचं साहित्य आमचं, उतरवायची आणि चढवायची मजुरी तुमची. कच्च्या विटांमुळे जी भिंत उतरेल तिची मजुरी मी देईन. दर्जा भरायची मजुरी निम्मी-निम्मी. हे माझ्या दृष्टीने न्यायाचं आहे, आणि नाना कारागीर असतील तर त्यांनाही पटेल.

चाळीस हजार एकरकमी देऊ नका आणि अडवूनही ठेवू नका. कललेली भिंत ओळंब्यात उभी राहिली की दहा, बाकीच्या भिंती आणि दर्जा झाल्या की दहा, उरलेले गिलावा झाल्यावर. हे साध्या वहीच्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या, दिरांची साक्षीदार म्हणून सही. मिस्टरांना फोनवर वाचून दाखवा, म्हणजे सुरतेहून नानांना वेगळा निरोप जाणार नाही. भाऊबंदकी कागदामुळे तुटत नाही, माझ्या पाहण्यात ती तोंडी हिशेबांनी तुटलेली आहे.

भट्टीवाल्याकडेही जा. फुटक्या विटा, टेप लावून काढलेले फोटो आणि पैसे पाठवल्याची मोबाइलमधली नोंद घेऊन. उरलेल्या पिवळ्या विटा बदलून मागा. बरेचसे बदलून देतात, त्यांनाही पुढच्या हंगामात त्याच गावात विकायचं असतं.

कोर्टकचेरीचं तुम्ही विचारलं नाही, पण इतर वाचक विचारतात म्हणून थोडक्यात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ या क्रमांकावर आधी विचारता येतं. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा, त्यातली पाच वर्षांची हमी बिल्डरकडून घेतलेल्या घराला आहे, स्वतःच्या जागेवर मजुरीने बांधून घेतलेल्या घराला ती मिळत नाही. तुमच्या बाबतीत मी त्या वाटेला जाणार नाही. फोटो मात्र जपून ठेवा.

राहिली कानबाई. तुमच्या पुढच्या खोलीत पहिल्या दोन खेपांच्या विटा आहेत. ओळंबा, खिळा आणि किल्ली, तिन्हींत ती खोली पास झाली तर तीन आठवडे पाणी मारून तिच्या दर्जा भरा, जाळी ठोका आणि तेवढ्याच खोलीला गिलावा करून चुना द्या. श्रावणापर्यंत ते जमतं. मागच्या खोलीचं काम तसंच चालू राहू द्या, तिला गिलावा दसऱ्यानंतर. कानबाईच्या रोटांच्या जेवणाला सगळे भाऊबंद येतील, नानाही येतील, पोरं घरभर पळतील. त्या दिवशी मागच्या खोलीच्या दारावर दोन फळ्या आडव्या ठोकून ठेवा.